राखून ठेवलेली जागा

अनुदिनी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मंडळींना ४०४ हा आकडा समजावून सांगायला नको. जुन्या दुव्यावर टिचकी मारली आणि पान जागेवर नसले की तो भेटतो. त्याच्याच आळीत, दोन घरे अलीकडे, ४०२ नावाचा एक क्रमांक राहतो. तो सहसा कोणाला भेटत नाही. त्याचा अर्थ 'पैसे भरणे आवश्यक'. १९९२ साली टिम बर्नर्स-ली यांनी आंतरजालावरच्या संगणकांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे टिपण तयार केले, तेव्हाच हा क्रमांक त्यात होता. वाचकाच्या संगणकाने एखादे पान मागितले आणि ते फुकट नसले, तर समोरचा संगणक '४०२' म्हणणार आणि कोणत्या रीतीने पैसे चालतील ते सांगणार. मग वाचकाचा संगणक 'अमक्या खात्यावर मांडा' असे उत्तर देऊन पान घेऊन येणार. अशी ती साधी कल्पना होती.

पुढे जानेवारी १९९७ मध्ये या नियमांची १.१ ही आवृत्ती रीतसर प्रसिद्ध झाली. तिच्यात ४०२ समोर एवढेच लिहिले आहे, की हा क्रमांक भविष्यातील वापरासाठी राखीव आहे. १९९९ साली नियम सुधारले, २०१४ साली पुन्हा सुधारले, २०२२ साली आणखी एकदा सुधारले. प्रत्येक वेळी ४०२ समोर तेच वाक्य राहिले. आपल्या एस.टी.त विधानसभा सदस्यांसाठी राखीव जागा असते ना, तशातला प्रकार. आमदार काही येत नाहीत, पण पाटी हलत नाही. आणि मधल्या काळात त्या जागेवर दुसरेच कोणी तरी बसून प्रवास करते.

या विषयाकडे मी वळले ती माझ्या भाच्यामुळे. तो पुण्यात घरी बसून पैशांच्या देवघेवीची आज्ञावली लिहितो. त्याचे सहकारी चार देशांत पसरलेले. रोज पडद्यावर भेटतात, पण वर्षातून एकदा सगळे एका गावी चार दिवस जमतात आणि पुढच्या कामाची आखणी करतात. मी त्याला म्हटले, "अरे, माणसाला दुकानापर्यंत जावे लागू नये म्हणून तुम्ही एवढा खटाटोप करता आणि स्वतः मात्र विमानात बसून टेबलापर्यंत जाता, हे कसे?" तो म्हणाला, "मावशी, तू डब्ल्यूथ्रीसीची इतिवृत्ते वाच. सगळी उघडी आहेत. तुझ्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे."

निवृत्त शिक्षिकेला वेळेची कमी नसते. मी वाचायला घेतली आणि त्यात गुंतून गेले. तांत्रिक भाग पुष्कळसा डोक्यावरून गेला हे खरे, पण माणसे एकत्र येऊन कसे ठरवतात आणि कोणाचे ठरते, हा तर इतिहासाचाच विषय आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९४ हे या गोष्टीतले महत्त्वाचे साल. त्या वर्षी मे महिन्यात जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत आंतरजालाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे डेव्हिड चॉम यांच्या डिजिकॅश कंपनीने संगणकाच्या जाळ्यावरून 'रोख' पैसे देऊन दाखवले. हे पैसे नोटेसारखे होते. कोणी कोणाला दिले ते बँकेलाही कळू नये अशी त्यांची रचना होती. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या नेटमार्केट नावाच्या दुकानाने स्टिंग या गायकाची एक सीडी १२ डॉलर ४८ सेंट अधिक टपालखर्च अशा किमतीला विकली. गिऱ्हाइकाने कार्डाचा क्रमांक गुप्त लिपीत पाठवला होता, म्हणून ही गोष्ट दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आली.

ऑक्टोबरमध्ये फर्स्ट व्हर्चुअल ही कंपनी सुरू झाली. तिचे संस्थापक वेगवेगळ्या गावी राहत होते आणि सुरुवातीला तिला कार्यालयच नव्हते. त्यांच्यापैकी नॅथॅनिएल बोरेनस्टाइन हे नाव आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचे आहे. विरोपाला छायाचित्र जोडून पाठवण्याची सोय ज्या नियमांमुळे झाली, ते घडवणाऱ्यांपैकी ते एक. फर्स्ट व्हर्चुअलची पद्धत मला फार आवडली. कार्डाचा क्रमांक आंतरजालावर टाकायचाच नाही, तो एकदा दूरध्वनीवरून कळवायचा. नंतर काही विकत घेतले की कंपनीचा विरोप यायचा आणि त्याला 'हो', 'नाही' किंवा 'फसवणूक' यांपैकी एक उत्तर द्यायचे. शेजारच्या वाण्याने मुलाला वस्तू देण्याआधी "आईला विचारून ये" म्हणावे, तसे हे.

यांतले काहीही टिकले नाही. डिजिकॅशने १९९८ साली दिवाळे काढले. फर्स्ट व्हर्चुअलने त्याच सुमारास पैशांचा धंदा सोडून विरोपांचा धंदा धरला. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन बड्या कंपन्यांनी १९९६ साली एकत्र येऊन 'सेट' नावाची एक अतिसुरक्षित पद्धत जाहीर केली. तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाने आपल्या संगणकावर वेगळी आज्ञावली आणि ओळखीचा दाखला बसवून घ्यायचा होता. दहा रुपयांच्या खरेदीसाठी तहसील कचेरीत खेटे कोण घालणार? तीही मागे पडली.

उरला तो फॉर्म. दुकान बदलले की पुन्हा सोळा आकडे, पुन्हा मुदत, पुन्हा पत्ता. या कंटाळ्याची किंमत ॲमेझॉनने अचूक ओळखली. एका टिचकीत खरेदी करण्याच्या युक्तीचे त्यांनी १९९९ साली अमेरिकेत पेटंट मिळवले आणि ते २०१७ पर्यंत चालले. इतर दुकानदारांना ती सोय हवी असली, तर परवाना घ्या नाही तर वळसा घाला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून आंतरजालावरच्या कार्डव्यवहाराला दुसऱ्या खातरजमेची सक्ती केली. त्यातून गुप्त शब्द आला, पुढे ओटीपी आला. सुरक्षितता वाढली, पण पायऱ्याही वाढल्या.

डब्ल्यूथ्रीसी म्हणजे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम ही संस्थाही १९९४ सालचीच. आंतरजालाची पाने कशी लिहावीत, ब्राउझरने ती कशी दाखवावीत, याचे मानक ठरवणारी ही संस्था आहे. ती कोणावर सक्ती करू शकत नाही. तिच्या मानकाचे नावसुद्धा 'शिफारस' असे आहे. निरनिराळ्या कंपन्यांचे लोक तिच्या कार्यगटांत बसतात, आणि बहुतेक काळ ते प्रत्यक्ष बसतच नाहीत. आठवड्याची सभा दूरध्वनीवर किंवा पडद्यावर होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळ असते तेव्हा युरोपात संध्याकाळ आणि जपानात मध्यरात्र. म्हणजे कोणी ना कोणी झोप मोडून आलेला असतो.

सभा चालू असताना एक सभासद इतिवृत्त टंकत असतो. ही पाळी सगळ्यांवर येते. ज्याला बोलायचे आहे त्याने एक छोटी खूण टंकली की 'झाकिम' नावाची आज्ञावली त्याला रांगेत उभे करते. बॉस्टनमधल्या एका पुलाचे हे नाव. सभेसाठी दूरध्वनी जोडणाऱ्या यंत्रणेलाही इंग्रजीत पूलच म्हणतात, त्यावरून ही गंमत सुचली.

मी शाळेत बरीच वर्षे शिक्षकसभेचे इतिवृत्त लिहीत असे. आमची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. दोन तास कडाक्याचे भांडण व्हायचे आणि वहीत एक ओळ उतरायची, 'सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर'. या मंडळींच्या इतिवृत्तात मात्र कोण काय म्हणाले ते नावानिशी असते, नापसंतीसुद्धा असते, आणि तेही साऱ्या जगाला वाचायला खुले. पन्नास वर्षांनी इतिहास लिहिणाऱ्याला त्यांचे इतिवृत्त उपयोगी पडेल. आमच्या वहीतून त्याला फक्त चहाला किती खर्च झाला ते कळेल.

पैशांच्या विषयात डब्ल्यूथ्रीसीने नव्वदच्या दशकात एकदोनदा हात घालून पाहिला होता. मग बराच काळ शांतता. २०११ च्या सुमारास मनू स्पॉर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खुला समुदाय-गट सुरू केला. त्यात यायला वर्गणी लागत नसे. ही मंडळी आठवड्याच्या आठवड्याला दूरध्वनीवर जमून मसुदे लिहू लागली. जसा विरोप कोणालाही पाठवता येतो, तसे पैसे कोणालाही पाठवता यावेत, मधल्या नाक्यांवर कोणा एकाची मालकी असू नये, असा त्यांचा ध्यास होता.

मोठी मंडळी एका छताखाली आली ती २४ आणि २५ मार्च २०१४ ला, पॅरिसमध्ये. बँका, कार्डवाले, दूरध्वनी कंपन्या, ब्राउझर बनवणारे आणि हे स्वयंसेवकही. कार्यशाळेची जागा होती पाले ब्रोन्यार, म्हणजे पॅरिसच्या जुन्या शेअरबाजाराची इमारत. नेपोलियनच्या काळात तिचे काम सुरू झाले आणि १८२६ साली ती पुरी झाली. तिथे दीडशेहून अधिक वर्षे दलाल एकमेकांच्या तोंडासमोर ओरडून सौदे करत होते. संगणक आले, ओरडणे थांबले, दलाल गेले, आणि इमारत सभासमारंभांसाठी भाड्याने मिळू लागली. संगणकावरून पैसे कसे द्यावेत हे ठरवायला जमलेली माणसे नेमकी तिथे समोरासमोर बसून बोलत होती. हे वाचले तेव्हा मला हसू आले आणि भाच्याच्या बोलण्याचा रोखही थोडासा कळला.

त्या ऑक्टोबरात डब्ल्यूथ्रीसीने या विषयासाठी एक अभ्यासगट नेमला. पुढच्या वर्षी २१ ऑक्टोबर २०१५ ला प्रत्यक्ष मानक लिहिणारा कार्यगट स्थापन झाला. एड्रियन होप-बेली आणि निक टेलफर्ड-रीड हे त्याचे पहिले दोन अध्यक्ष. आठच दिवसांनी जपानमधल्या साप्पोरो गावी गटाची पहिली प्रत्यक्ष बैठक झाली. डब्ल्यूथ्रीसीचे सगळे गट वर्षातून एकदा एकाच आठवड्यात एका गावी जमतात, त्या वर्षी ते गाव साप्पोरो होते.

त्यांना ठरवायचे होते ते तसे थोडक्यात सांगता येते. दुकानाने ब्राउझरला सांगायचे की एवढी रक्कम झाली आणि माझ्याकडे अमुक अमुक रीतीने पैसे चालतात. ब्राउझरने गिऱ्हाइकाला विचारायचे की तुझ्याजवळ यांतले काय आहे. गिऱ्हाइकाने एक निवडून होकार द्यायचा आणि ब्राउझरने उत्तर दुकानाकडे पोचवायचे. म्हणजे सगळ्या दुकानांसाठी एकच खिडकी, आणि फॉर्म भरणे बंद. वाण्याने यादीची बेरीज सांगावी आणि आपण पिशवीतून पाकीट काढावे, इतके साधे.

पण पाकीट कोणाचे, हाच तर प्रश्न होता. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची पाकिटे होती. बँकांना धास्ती, की गिऱ्हाईक आपल्याला विसरून ब्राउझरलाच बँक समजू लागेल. दुकानदारांना धास्ती, की आपले गिऱ्हाईक आपल्या दुकानातून उचलून दुसऱ्याच्या खिडकीत नेले जाईल. कार्डवाल्यांना धास्ती, की नव्या रीती आल्या तर कार्ड लागणारच नाही. आणि ही सगळी मंडळी एरवी एकमेकांची प्रतिस्पर्धी. दूरध्वनीवरच्या एका तासात अशी धास्ती कोणी बोलून दाखवत नाही. तिथे माणूस मुद्द्याच्या क्रमांकाने बोलतो आणि रांगेत पुढच्याला जागा देतो. दोन दिवस एका खोलीत बसल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, 'तुमचे खरे दुखणे काय आहे' हे विचारता येते. ही माझी समजूत आहे, इतिवृत्तात जेवणाची सुट्टी लिहिलेली नसते. पण शाळेतल्या सभा पाहिलेल्या बाईला एवढे अनुमान काढायचा हक्क असावा.

फेब्रुवारी २०१६ मध्ये गट सॅन फ्रान्सिस्कोला भेटला तेव्हा समोर दोन आराखडे होते. एक त्या खुल्या समुदाय-गटाच्या मुशीतून आलेला, दुसरा गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या लोकांनी मांडलेला. शेवटी पाया म्हणून धरला गेला तो दुसरा. कारण उघड आहे. ब्राउझर ज्यांच्या हातात आहेत त्यांनी जे बांधायचे नाही असे ठरवले, ते कितीही सुंदर असले तरी कागदावरच राहते. अशा गटात निर्णय मतांच्या बेरजेने होत नाही, सहमतीने होतो. अध्यक्ष 'तुम्हाला हे आवडले का' असे विचारत बसत नाहीत. 'आवडले नाही तरी चालवून घ्याल का' असे विचारतात. प्रत्यक्ष बैठकीला न आलेल्यांचाही विचार होतो, महत्त्वाच्या ठरावावर विरोपाने मुदत देऊन हरकती मागवल्या जातात. २१ एप्रिल २०१६ ला पहिला जाहीर मसुदा निघाला. त्याचे नाव पेमेंट रिक्वेस्ट.

पाच वर्षे आधी बी पेरणाऱ्यांना त्या दिवशी काय वाटले असेल? त्यांनी विषय आंतरजालाच्या चावडीवर आणला, पण घर दुसऱ्याच्या नकाशाने उभे राहिले. इतिहासात हे नवीन नाही. मात्र त्यांची सगळी मेहनत वाया गेली असेही नाही. माणसाने आपली ओळख किंवा पात्रता आंतरजालावर कशी सिद्ध करावी, हा त्यांच्या विचाराचा एक धागा या टेबलावरून वेगळा झाला. त्याचा स्वतंत्र गट झाला, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याचे मानक आधी पुरे झाले. स्पॉर्नी त्याचे एक संपादक होते.

आता एक तारीख शेजारी ठेवून पाहा. हा मसुदा निघण्याच्या दहाच दिवस आधी, ११ एप्रिल २०१६ ला, मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयची सुरुवात झाली होती. तिथली घडण अगदी वेगळी. रिझर्व्ह बँक आणि बँकांची संघटना यांनी २००८ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन उभी केली होती. तिने २०१० साली खात्यातून खात्यात तत्काळ पैसे पाठवण्याची सेवा दिली आणि तिच्यावर यूपीआयचा मजला चढवला. नियम करणारी एकच संस्था, मागे रिझर्व्ह बँक, आणि सुरुवातीला २१ बँका. ऑगस्ट २०२५ च्या एका महिन्यात यूपीआयवर २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला त्या मोजणीत आहे आणि मीही आहे.

जगभरच्या गटाला अशी आई नव्हती. ज्याला त्याला पटवत जायचे. पहिल्या मसुद्यापासून अंतिम शिफारशीपर्यंत त्यांना सहा वर्षांहून अधिक लागली. दरम्यान क्रोमने ती खिडकी २०१६ सालीच उघडली. ॲपलने त्याच वर्षी आधी आपली वेगळी खिडकी उघडली आणि मानकाची नंतर. फायरफॉक्सने ती बांधली, पण सर्वांसाठी खुली केली नाही. सगळ्यात बोलके आहे ते ब्राउझरने कार्डाचा क्रमांक थेट दुकानाला देण्याच्या रीतीचे भवितव्य. सुरुवातीला तिचाच मोठा आधार वाटत होता. पण खरा क्रमांक दुकानाच्या हाती देणेच धोक्याचे आहे हे लक्षात आले, आणि २०२२ साली क्रोमने ती रीत काढून टाकली. योगायोग असा, की १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या रिझर्व्ह बँकेनेही दुकानदारांना कार्डाचे खरे क्रमांक साठवून ठेवायची बंदी लागू केली. दोन वेगळ्या वाटांनी दोघे एकाच निष्कर्षाला आले.

मधे करोना आला. २०२० सालचा मोठा मेळावा कॅनडातल्या व्हँकुव्हरला व्हायचा होता, तो पडद्यावर झाला. २०२१ सालचाही. मूळची विखुरलेली ही मंडळी, त्यांचे काम अडले नाही. कार्डाच्या व्यवहारात ओटीपीऐवजी बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने होकार देण्याची नवी रीत याच काळात आकाराला आली आणि २०२१ साली क्रोममध्ये दाखल झाली. ८ सप्टेंबर २०२२ ला पेमेंट रिक्वेस्ट अधिकृत शिफारस झाली. त्यानंतर चारच दिवसांनी, दोन वर्षांच्या खंडानंतर, डब्ल्यूथ्रीसीचा मेळावा व्हँकुव्हरला प्रत्यक्ष भरला.

मग भेटण्याचा उपयोग काय झाला? मसुदे तर घरी बसून लिहिले गेले. मला यात जुने साम्य दिसते. १८७४ साली बर्न शहरात २२ देशांचे प्रतिनिधी एका टेबलाशी बसले आणि त्यांनी टपालाचा संघ केला. त्याआधी परदेशी पत्र धाडायचे तर प्रत्येक देशाचा हिशेब निराळा. १८७६ मध्ये हिंदुस्थान त्यात आला. १८७८ साली पॅरिसमध्ये, होय, पॅरिसमध्येच, मनीऑर्डरीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १८८० च्या पहिल्या दिवसापासून आपल्या टपालखात्याची मनीऑर्डर सुरू झाली. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी आणि कोकणातले त्याचे घर यांच्यामधला पूल तीच होती. पोस्टमन ओटीवर नोटा मोजून देई आणि म्हातारीचा अंगठा घेई. त्या अंगठ्यामागे किती माणसांचा एकमेकांवरचा विश्वास गोळा केलेला होता, याची म्हातारीला कल्पना नव्हती आणि असायची गरजही नव्हती. पैसे पोचवण्याचे यंत्र कोणतेही असो, त्याच्या मुळाशी 'तुझा शब्द मी धरतो' असे दोघांनी एकमेकांना म्हटलेले असावे लागते. आणि ते प्रतिस्पर्ध्याला म्हणायचे, तर त्याचा चेहरा एकदा तरी पाहिलेला बरा.

हे झाले टेबलाशी बसलेल्यांचे. मला जास्त हुरहुर लागली ती न बसलेल्यांची. ४०२ चा क्रमांक मुळात वाचकासाठी आणि पान लिहिणाऱ्यासाठी होता. चार आणे, आठ आणे देऊन एखादा लेख वाचता यावा, ही ती कल्पना. पेमेंट रिक्वेस्ट मात्र झाली दुकानासाठी. तिच्यात काही वाईट नाही, पण तिच्यातून आठ आण्याचा लेख विकता येत नाही, कारण कार्डाच्या व्यवहाराचा खर्चच त्याहून जास्त. महिन्याला पाच डॉलर घेऊन वाचनाला दिलेल्या वेळेच्या प्रमाणात लेखकांना वाटणारी कॉइल नावाची सेवा निघाली होती, ती २०२३ साली बंद पडली. राखून ठेवलेल्या जागेवर मधल्या काळात जाहिरात येऊन बसली. आपण पान फुकट वाचतो असे म्हणतो, पण त्याची किंमत दुसरेच कोणी देते आणि त्या बदल्यात आपण काय वाचतो, किती वेळ थांबतो याची नोंद घेऊन जाते. फुकट पाण्याच्या पाणपोईवर कोणी आपले गाठोडे उचकून पाहावे, तसे.

अलीकडे ४०२ पुन्हा दिसू लागला आहे. जुलै २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीने एक योजना जाहीर केली. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे शिकण्यासाठी आपली पाने वाचायला आली, तर संकेतस्थळाचा मालक त्यांना ४०२ दाखवून पैसे मागू शकतो. वाचक माणसासाठी राखलेल्या जागेवर पहिला तिकीटधारी प्रवासी यंत्र असावे, हे बर्नर्स-लींनी १९९२ साली मनात आणले असेल का? या योजनेतून माझ्यासारख्या अनुदिनीवाल्यांच्या पदरात काय पडेल ते कळायला अजून वेळ लागेल.

भाच्याला मी फोन करून सांगितले, की तुमच्या पुढच्या बैठकीला पुस्तकाची पाने विकणारा एखादा लेखक आणि एखादा किराणा दुकानदारही बोलवा, कोपऱ्यात का होईना खुर्ची टाका. तो म्हणाला, "मावशी, त्यांचे विमानाचे भाडे कोण देणार?" मी म्हटले, हाच तर सगळा प्रश्न आहे. डब्ल्यूथ्रीसीचे दार बंद नाही, समुदाय-गटात कोणीही येऊ शकतो. पण साप्पोरोला जाऊ शकतो तो, ज्याची कंपनी तिकीट काढते. पंगतीला जो बसतो त्याच्या पानात आधी वाढले जाते, त्यात वाढप्याचा दोष नसतो. हे मी वर्षानुवर्षे वर्गात तहांचे आणि परिषदांचे धडे शिकवताना सांगत आले. ते संगणकाच्या जगातही इतके तंतोतंत लागू पडेल असे वाटले नव्हते.

असो. लेख लांबला. आपल्यापैकी जे या क्षेत्रात आहेत त्यांनी तांत्रिक बाबतीत काही भर घालायची असल्यास जरूर घालावी. आणि नात्यातल्या मंडळींनो, मुंबईहून घरी येणाऱ्या मनीऑर्डरीच्या पावत्या कोणाच्या ट्रंकेत अजून असतील तर फेकू नका, मला कळवा. त्यांच्यावर वेगळे लिहायचे मनात आहे.